थारची किंमत : लाखांत आणि टनांत

महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीच्या 'थार' या दणकट गाडीच्या गेल्या सहा-सात वर्षांतील जाहिराती पाहिल्या, तर एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. २०१९ साली पहिल्या पिढीच्या थारला निरोप देताना काढलेली सातशे गाड्यांची खास आवृत्ती ९.९९ लाखांना होती. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या दुसऱ्या पिढीची सुरुवात ९.८० लाखांपासून झाली. जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागील चाकांवर चालणारी थार आली, तीही ९.९९ लाखांना, आणि मधल्या काळात अकरा लाखांपुढे गेलेली ही किंमत वस्तू व सेवा कराच्या कपातीनंतर ऑक्टोबर २०२५ मधील सुधारित थारसाठी पुन्हा ९.९९ लाखांवर आली. पोलादापासून पेट्रोलपर्यंत सर्वच वस्तू महागल्या असताना या एका वाहनाची किंमत जागची हलली नाही, असा समज त्यावरून होणे स्वाभाविक आहे, परंतु तो खरा नाही. २०२० साली ९.८० लाखांना मिळणारी थार चारही चाकांना ओढ असणारी होती, तर २०२५ साली ९.९९ लाखांना मिळणाऱ्या थारची ओढ मागच्या दोनच चाकांना आहे. चारही चाकांना ओढ असलेली सर्वांत स्वस्त थार ऑक्टोबर २०२५ मध्ये १४.६९ लाखांपासून सुरू होत होती. किमतीचा आकडा तोच राहिला आणि त्याच्याखालची गाडी बदलली, हे या महागाईचे खरे स्वरूप आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात या बदलाला विशेष अर्थ आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात जीप हे वाहन हौसेपेक्षा गरजेपोटी आधी रुजले, आणि आजही डांबरी सडक संपल्यानंतरचा उरलेला रस्ता हा येथील अनेकांच्या रोजच्या प्रवासाचा भाग आहे.

चार चाकांची ओढ

साध्या मोटारीत इंजिनाची ताकद पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या, गाडीत मुख्य गिअरबॉक्सला जोडून 'ट्रान्सफर केस' नावाची दुसरी पेटी असते आणि तिच्यातून निघालेले दोन दांडे पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांना फिरवतात. थारमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी या पेटीचा एक आखूड दांडा असून त्याच्या मुठीवर चार खुणा असतात: नेहमीच्या रस्त्यासाठी मागच्या दोन चाकांची ओढ, निसरड्या वाटेसाठी चारही चाकांची ओढ, मधली तटस्थ जागा, आणि शेवटी 'फोर लो', म्हणजे चारही चाकांना अतिशय कमी वेगात पण कितीतरी अधिक जोराने फिरवणारी अवस्था. रुतलेली गाडी बाहेर काढताना किंवा तीव्र उतारावरून ब्रेक न घासता खाली येताना उपयोगी पडते ती ही शेवटची खूण. तिच्या जोडीला 'लॉकिंग डिफरन्शियल' असते. डिफरन्शियल ही दोन चाकांमध्ये ताकद वाटणारी दातेरी रचना वळणावर सोयीची असली, तरी एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की ती सारी ताकद त्याच निरुपयोगी चाकाकडे धाडते; कुलूप लागल्यावर मात्र दोन्ही चाकांना एकत्र फिरावे लागते आणि टणक जमिनीवरचे चाक गाडीला पुढे ओढते.

ही यंत्रणा कोठे लागते, याचे उत्तर जिल्ह्याच्या भूगोलात आहे. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांखालील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या तालुक्यांत काळी चिकण जमीन आहे; पावसाळ्यात किंवा पाण्याच्या पाळीनंतर तिच्यातून जाणाऱ्या पाणंदीत टायरच्या खाचा मातीने भरून येतात, चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी खाली बसत जाते. पश्चिमेकडच्या अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या आणि भंडारदरा धरणाच्या परिसरात प्रश्न चिखलाइतकाच चढाचा आणि दगडगोट्यांचा असतो. पारनेर, पाथर्डी, जामखेड या अवर्षणप्रवण भागांत मुरमाड माळ असल्याने तेथे बहुतेक दिवस दोन चाकांची ओढ पुरते. शेतरस्त्यांची ही दुरवस्था शासनालाही मान्य आहे. २०२१ साली सुरू झालेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना त्यातूनच आली. यावरून दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरतात: जिल्ह्यातील प्रत्येक ग्राहकाला चार चाकांच्या ओढीची गरज नाही, आणि ज्यांना आहे त्यांची गरज दिखाऊ नाही.

दुसऱ्या पिढीची थार आली तेव्हा हा भेद करण्याचे कारणच नव्हते, कारण सर्व प्रकारांत फोर बाय फोर होते. सर्वांत स्वस्त प्रकारात मागे समोरासमोर तोंड करून बसायची बाके आणि न उघडणारे कापडी छत होते, आणि चैनीचे त्यात फारसे काही नव्हते. मात्र काही आठवड्यांतच हे खालचे प्रकार मागे घेण्यात आले आणि प्रवेशाची किंमत जवळजवळ १२ लाखांवर गेली. जुलै २०२१ मध्ये प्रकारानुसार ३२ ते ९२ हजारांची आणखी वाढ झाली. पोलादाचे चढलेले भाव, सेमीकंडक्टर चिपची टंचाई, प्रदूषणाचे कडक झालेले भारत स्टेज ६ निकष आणि सक्तीच्या सुरक्षासाधनांचा खर्च ही त्या काळातील दरवाढीची सर्वच वाहनांना लागू पडणारी कारणे होती. शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून टाकणे हा मात्र कंपनीचा व्यापारी निर्णय होता.

किमतीच्या पोटातील कर

शोरूममध्ये सांगितली जाणारी 'एक्स-शोरूम' किंमत वस्तू व सेवा करासह असते, त्यामुळे ती वाचण्यापूर्वी कर बाजूला काढावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोटारींवर २८ टक्के कर आणि त्यावर प्रकारानुसार भरपाई उपकर असे. त्या हिशेबाने दीड लिटर डिझेल इंजिनाच्या मागील चाकी थारवर एकूण ३१ टक्के, तर फोर बाय फोर थारवर ४८ टक्के कर होता. नव्या रचनेत उपकर गेला आणि दोनच पायऱ्या उरल्या. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत (ग्राहकांच्या भाषेत 'सीसी') असेल, तर १८ टक्के. त्यापलीकडच्या पेट्रोल-डिझेल मोटारींना ४० टक्के. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे, म्हणजे ती मापात बसावी म्हणूनच आखलेली आहे. परंतु तिचे २.२ लिटर डिझेल आणि २ लिटर पेट्रोल इंजिन ही मर्यादा ओलांडते.

ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकातील दोन गाड्या शेजारी ठेवल्या, तर याचा परिणाम दिसतो. 'एलएक्सटी' या वरच्या श्रेणीतील दीड लिटर डिझेलची मागील चाकी थार १२.१९ लाखांना आहे आणि त्याच श्रेणीतील २.२ लिटर डिझेलची फोर बाय फोर थार १५.४९ लाखांना. दोन्हींचे गिअर हाताने बदलायचे आहेत. फरक ३.३० लाखांचा. पहिल्या किमतीतून १८ टक्क्यांचा कर वेगळा केला, तर करपूर्व किंमत सुमारे १०.३३ लाख उरते. दुसरीतून ४० टक्क्यांचा काढला, तर ११.०६ लाख. म्हणजे मोठे इंजिन, ट्रान्सफर केस, पुढचा आस व त्याचे डिफरन्शियल या सर्वांसाठी कंपनी आणि विक्रेत्याच्या हाती जास्तीचे पडतात ते अवघे ७३ हजार, आणि उरलेले सुमारे २.५७ लाख करापोटी जातात.

आता तोच हिशेब पेट्रोलच्या दोन गाड्यांना लावावा. दोन्हींत तेच २ लिटरचे इंजिन आणि तोच स्वयंचलित गिअरबॉक्स असून एक मागील चाकी, १३.९९ लाखांची, तर दुसरी फोर बाय फोर, १६.२५ लाखांची आहे. दोघींवर ४० टक्केच कर असल्याने येथे कराचा दर फरक पाडत नाही, २.२६ लाखांच्या अंतरातून कर काढल्यावर केवळ चार चाकांच्या ओढीची करपूर्व किंमत सुमारे १.६१ लाख निघते. डिझेलमध्ये मोठ्या इंजिनासह ७३ हजारांना पडणारी गोष्ट पेट्रोलमध्ये इंजिन न बदलता १.६१ लाखांना पडते, यावरून एक निष्कर्ष टाळता येत नाही: या पर्यायाची किंमत त्याच्या उत्पादनखर्चावरून ठरलेली नाही. कमी कराच्या गाडीवर कंपनीला अधिक भाव लावता येतो आणि जास्त कराच्या गाडीवर तिला हात आखडता घ्यावा लागतो, कारण ग्राहक शेवटचा आकडाच पाहतो.

कोटेशनचा कागद

विक्रेता ग्राहकाच्या हाती जे कोटेशन देतो, त्यात एक्स-शोरूम किमतीखाली आरटीओ, टीसीएस, विमा, फास्टॅग, वाढीव हमी, ॲक्सेसरीज अशा ओळी असतात आणि तळाशी 'ऑन-रोड' बेरीज असते. यांपैकी सर्वांत जड ओळ राज्याच्या एकरकमी वाहनकराची. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १४ टक्के आणि त्यापुढे १५ टक्के कर पडतो. पेट्रोल गाडीला हेच दर अनुक्रमे ११, १२ आणि १३ टक्के आहेत. १० लाखांवरच्या वाहनावर शिवाय १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच गोळा होणारा आणि पुढे आयकराच्या विवरणात वळता करून घेता येणारा कर, भरावा लागतो. ९.९९ लाख हा आकडा एवढा चिवट का, हे येथे उलगडते: ९.९९ लाखांच्या डिझेल गाडीला वाहनकर सुमारे १ लाख ३० हजार पडतो, तर १०.०१ लाखांच्या गाडीला १ लाख ४० हजार आणि वर दहा हजारांचा टीसीएस. किंमत दोन हजारांनी वाढते, ग्राहकाच्या खिशातून त्याखेरीज आणखी वीस हजार जातात.

वर तुलना केलेल्या दोन डिझेल गाड्यांतले ३.३० लाखांचे अंतर १४ टक्के वाहनकरानंतर ३.७६ लाख होते. विम्यातही तीच रेषा पुन्हा आडवी येते. नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्याचा हप्ता १०,६४० रुपये आहे, आणि १५०० सीसीच्या वर तोच २४,५९६ रुपये होतो. विमा कोणाकडून उतरवायचा, वाढीव हमी घ्यायची की नाही, ॲक्सेसरीजचा संच स्वीकारायचा की नाही, हे तिन्ही निर्णय ग्राहकाचे आहेत. कोटेशनवर ते आधीच छापून आले म्हणून सक्तीचे होत नाहीत.

हा सगळा बोजा मासिक हप्त्यात विरघळतो. ३.७६ लाखांच्या फरकासाठी सात वर्षांचे ९ टक्के व्याजाचे कर्ज धरले, तर महिन्याला साधारण ६,०५० रुपये वाढतात आणि मुदतीअखेर त्या फरकाचे ५ लाखांहून अधिक झालेले असतात. 'हप्त्यात फक्त सहा हजारांचा फरक' हे विक्रेत्याचे वाक्य खोटे नसते. त्यात वर्षांची संख्या तेवढी राहून गेलेली असते.

ग्रामीण महाराष्ट्रात आणखी एक पर्याय लोकप्रिय आहे, तो म्हणजे पसंतीचा क्रमांक. जिल्ह्यात अहिल्यानगरच्या कार्यालयाची 'एमएच १६' आणि श्रीरामपूरची 'एमएच १७' अशा दोन मालिका आहेत. २०२४ साली शासनाने चारचाकीच्या '०००१' या क्रमांकाचे शुल्क ३ लाखांवरून ५ लाखांवर नेले, म्हणजे चार चाकांच्या ओढीपेक्षा चार आकड्यांची पाटी महाग झाली.

कंपनीचा पर्याय आणि बाहेरचे काम

पूर्वी जीप घेणारा ग्राहक साधी गाडी घेऊन मोठे टायर, लोखंडी गार्ड, जास्तीचे दिवे ही कामे गॅरेजमध्ये करून घेत असे, आणि त्यामुळे कंपनीच्या पर्यायांच्या किमतीला एक नैसर्गिक लगाम होता. तो लगाम आता सैल झाला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये गाडीच्या तोंडावरील गार्ड बेकायदा असल्याचे कळवले. धडकेत ते पादचाऱ्याला आणि गाडीतील प्रवाशांनाही अधिक घातक ठरतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले. या निर्णयामागे सुरक्षेचे सबळ कारण आहे. वाहनाचा प्रत्येक नमुना विक्रीपूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो, आणि अशा संस्थांपैकी एक, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना, अहिल्यानगर शहरालगतच आहे. तपासलेली गाडी एक आणि रस्त्यावरची दुसरी असेल, तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. मात्र याचा आर्थिक परिणामही लक्षात घ्यायला हवा: बाहेरचा मार्ग बंद झाल्यावर हवी ती क्षमता कंपनीकडूनच, तिने बांधलेल्या गाठोड्यातूनच घ्यावी लागते.

हे गाठोडे म्हणजे 'व्हेरियंट'. अमेरिकेत जीप घेणारा ग्राहक यादीतून एकेक पर्याय निवडू शकतो. भारतात कारखान्यातील गुंतागुंत आवरण्यासाठी पर्याय एकत्र बांधून तीन-चार श्रेणी केल्या जातात. थारमध्ये 'एएक्सटी' या प्राथमिक श्रेणीत फक्त दीड लिटर डिझेलची मागील चाकी गाडी मिळते. फोर बाय फोर हवी असेल, तर 'एलएक्सटी' श्रेणी घ्यावीच लागते आणि तिच्याबरोबर मोठा टचस्क्रीन, मिश्रधातूची चाके वगैरे सर्व काही येते. पाणंदीतून जाण्यासाठी 'फोर लो' हवे असणाऱ्याने स्क्रीनचेही पैसे मोजायचे, असा हा सौदा आहे. पाच दारांच्या थार रॉक्सनेही हीच वाट धरली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिची सुरुवात १२.९९ लाखांनी जाहीर झाली, पण पुढच्या महिन्यात फोर बाय फोरचे दर आले ते १८.७९ लाखांपासून, आणि तेही केवळ डिझेलमध्ये.

इतर कंपन्यांचे चित्र फार वेगळे नाही. मारुती सुझुकीची जिमनी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून आली. तिच्या सर्व प्रकारांत फोर बाय फोर असले, तरी दीड लिटर पेट्रोल इंजिनामुळे तीही वरच्या करात बसते. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा, जिच्या पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना कुलपे कारखान्यातूनच येतात, २०२१ साली १३.५९ लाखांना होती आणि २०२४ साली तिचे तीन दारांचे रूप १६.७५ लाखांवर गेले. नगर-पुणे महामार्गावरील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत जुळणी होणारी जीप रँग्लर मार्च २०२१ मध्ये ५३.९० लाखांना होती. २०२४ मध्ये तिची सुरुवात ६७.६५ लाखांवर पोहोचली.

उसाच्या मापाने

रुपयाची किंमत स्वतःच घसरत असल्याने वेगवेगळ्या वर्षांच्या किमती रुपयांत ताडून पाहणे फसवे असते. प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या या जिल्ह्यात अधिक स्थिर माप उसाचे आहे. केंद्र सरकार दर हंगामासाठी एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरवते. २०२०-२१ साली तो टनाला २,८५० रुपये होता आणि २०२५-२६ साठी ३,५५० रुपये आहे. साखर उताऱ्याचा पाया या काळात थोडा बदलला आहे आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम तोडणी-वाहतूक वजा जाता कमी असते, तरीही दिशा समजण्यास हे माप पुरेसे आहे.

२०२० साली डिझेल, स्वयंचलित गिअरची, टणक छताची सर्वांत महाग थार १३.७५ लाखांना होती, म्हणजे ४८२ टन ऊस. २०२५ साली याच घडणीची सर्वांत महाग थार १६.९९ लाखांना आहे, म्हणजे ४७९ टन. पाच वर्षांत किंमत सव्वातीन लाखांनी वाढली, पण उसाच्या मापाने ती आहे तेथेच आहे. खालच्या टोकाला मात्र चित्र उलटे आहे: २०२० ची सर्वांत स्वस्त फोर बाय फोर थार ३४४ टनांची होती, २०२५ ची ४१४ टनांची आहे. एकरी ४० टन उत्पादन धरले, तर हा सत्तर टनांचा फरक पावणेदोन एकरांच्या उसाइतका होतो. थोडक्यात, महागाई गाडीच्या माथ्यावर झालेली नाही, ती पायथ्याशी झाली आहे. ज्याला सर्व सोयी हव्या होत्या त्याला गाडी पूर्वीच्याच मोलात मिळते, आणि ज्याला फक्त चिखलातून बाहेर पडायचे होते त्याला ती महागली.

दरपत्रकात नसलेली गाडी

या दोषाचे खापर एकट्या करव्यवस्थेवर फोडणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर ५ टक्के कर आहे, कारण ते शेतीचे अवजार मानले जाते. त्याच शेतापर्यंत बी-बियाणे, मजूर आणि आजारी माणसाला नेणाऱ्या फोर बाय फोर गाडीवर मात्र ४० टक्के. परंतु कायद्याचे शब्द नीट वाचले, तर त्यात फोर बाय फोरचा उल्लेखच नाही. तो लांबी मोजतो, इंजिनाचे आकारमान आणि इंधन पाहतो. ओढ किती चाकांना आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चार मीटरच्या आतील, दीड लिटर डिझेल इंजिनाची, चारही चाकांना ओढ असलेली गाडी आजही १८ टक्क्यांतच बसेल.

असे इंजिन थारमध्ये आहेच. ११७ अश्वशक्तीच्या या दीड लिटर डिझेलची पीळशक्ती, म्हणजे रुतलेल्या चाकाला फिरवणारा जोर, ३०० न्यूटन मीटर आहे, आणि २.२ लिटर इंजिनाची हाताने गिअर बदलायच्या थारमधील पीळशक्तीही तेवढीच आहे. पेट्रोल गाड्यांच्या तुलनेतून निघालेली १.६१ लाखांची करपूर्व किंमत प्रमाण धरून, तिच्यावर १८ टक्के कर लावून ती ९.९९ लाखांच्या प्राथमिक थारमध्ये मिळवली, तर बेरीज सुमारे ११.८९ लाख येते. उसाच्या मापाने ती ३३५ टन, म्हणजे २०२० च्या सर्वांत स्वस्त थारपेक्षाही कमी. अशी गाडी जुळवताना आणखी काही खर्च येईल आणि १५.४९ लाखांच्या गाडीची थोडी विक्री ती खाईल. ती दरपत्रकात का नाही, याचे एक संभाव्य कारण याच दुसऱ्या वाक्यांशात आहे. तोवर मधला मार्ग म्हणून मागील आसाला यांत्रिक कुलूप असलेल्या, कमी करातील गाड्या आहेत. बोलेरो निओच्या 'एन १० (ओ)' या प्रकारात हे कुलूप मिळते, आणि चढ फारसा नसलेल्या काळ्या रानात ते पुष्कळदा पुरते. परंतु अकोल्याच्या पावसाळी चढावर 'फोर लो'ला पर्याय नाही, आणि तो ज्याला खरोखर हवा आहे त्याच्यापर्यंत स्वस्तात पोहोचवण्याच्या आड आज कायदा नव्हे, तर कंपनीची श्रेणीरचना उभी आहे.